राधानगरी पट्टा, जनावरांचा क्षयरोग: प्रकल्पाच्या नोंदी

12 नोव्हेंबर 2024, मंगळवार

पहिल्या गावात चाचणी सुरू. वरच्या अंगाला दाजीपूरचं जंगल, खाली ऊस आणि भात. भातकापणी उरकत आल्यामुळे माणसं घरी सापडली. धारा काढून झाल्या की जनावरं रानात सुटायच्या आत सुया टोचायच्या, एवढंच आजचं काम.

पारावर बसलेल्या मंडळींनी पहिला प्रश्न टाकला: "डॉक्टर, रोग आणतोय गवा, आणि सुया आमच्या म्हशीला व्हय?" इथे गव्यावर राग आहे आणि तो खरा आहे. रात्री कळप उसात शिरतो आणि सकाळी शेतकरी नुसता बांध बघत उभा राहतो. दाजीपूरला 1958 साली गव्यांसाठी अभयारण्य झालं. आता राधानगरी धरून ते साडेतीनशे चौरस किलोमीटर आहे, पण गव्याला हद्दीचे दगड वाचता येत नाहीत. पीक खाणारा तोच, तर रोगही तोच आणत असणार, असा सरळ हिशेब. मी वाद घातला नाही. म्हटलं, आधी दावणीला काय आहे ते बघू, मग रानात जाऊ.

कामाला निमित्त झालं ते गेल्या वर्षी याच पट्ट्यात खोकून खोकून वाळलेल्या एका गाईचं. अँटिबायोटिकचे डोस झाले, जंताचं औषध झालं, फरक नाही. मेल्यावर उघडली तर फुप्फुसात गाठीच गाठी. दूध संस्था, दवाखाना आणि वनविभागाची माणसं एकत्र बसली आणि या नोंदी माझ्याकडे आल्या.

पद्धत लिहून ठेवतो, कारण सोबतचे पोरगे नवे आहेत. मानेच्या मधल्या भागावर वर-खाली दोन जागा भादरायच्या, मध्ये बारा-तेरा सेंटिमीटर अंतर. कातडीची घडी चिमटीत धरून कॅलिपरने जाडी मोजायची, लिहायची. वरच्या जागी पक्ष्यांच्या क्षयजंतूपासून केलेलं ट्युबरक्युलिन, खालच्या जागी गाईच्या जंतूचं, प्रत्येकी 0.1 मिलि. सुई कातडीच्या आत हवी, कातडीखाली गेली तर फुकट. नीट बसली की बोटाला बारीक फुगवटा लागतो. म्हशीची कातडी जाड, तिथे घाई केली की हमखास खाली जाते. 72 तासांनी परत तिथेच मोजायचं, चार तास इकडेतिकडे चालतात.

दोन सुया का, हे प्रत्येक गोठ्यात सांगावं लागलं. आपल्याकडे जोन्स रोग (क्षयाच्या घराण्यातल्याच जंतूचा, आतड्याचा जुनाट रोग) भरपूर. मातीपाण्यातही या घराण्याचे निरुपद्रवी जंतू असतात. एकच सुई दिली तर त्यांच्यामुळेही गाठ येते आणि चांगली गाय बदनाम होते. म्हणून दोन्ही गाठींतला फरक बघायचा.

नुकत्याच व्यालेल्या जनावरांना आज सोडलं. व्यायल्यावर महिना-दीड महिना अंगाची प्रतिक्रिया मंद असते, चाचणी फसवते.

15 नोव्हेंबर 2024, शुक्रवार

वाचनाचा दिवस. बहुतेक मानांवर बोटाला काही लागलं नाही.

एका संकरित गाईची (इथे सगळ्याच संकरित गाईंना 'जर्सी' म्हणतात, ही एचएफ, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन, होती) वरची जागा 6 मिमीवरून 8, खालची साडेसहावरून 17. वाढीतला फरक साडेआठ. चारच्या वर फरक गेला की पॉझिटिव्ह. इथे तर कॅलिपर काढायच्या आधीच डोळ्यांना दिसत होतं. खालची गाठ गरम, हात लावला की गाय मान काढून घेत होती. बाकी गाय ठणठणीत. अंगावर मास, कातडी तुकतुकीत, पाचव्या महिन्याची गाभण. खोकला नाही, ताप नाही. हेच या रोगाचं अवघड आहे. लक्षणं दिसायची वाट पाहिली तर तोवर अख्खी दावण बाधलेली असते.

पलीकडच्या गोठ्यात एका म्हशीची वरची गाठ खालच्यापेक्षा मोठी. म्हणजे गाईच्या क्षयासाठी निगेटिव्ह, पण जोन्ससाठी शेण तपासायला हवं. वेगळी नोंद केली.

आणि एका परड्यात आक्कांनी दोन्ही गाठींवर हळद-चुन्याचा लेप थापलेला! "सुजलं हुतं, म्हटलं उतरंल." लेप धुवून पाहिलं तर चुन्याने सगळी कातडीच लाल आणि जाड. वाचन रद्द. लगेच पुन्हा टोचून उपयोग नाही, किमान 42 दिवस थांबावं लागतं, नाहीतर अंग दुसऱ्या सुईला नीट उत्तर देत नाही. आपण 60 दिवसांचं धरलं आहे. पुढच्या गावापासून टोचल्या टोचल्या घरच्या बाईमाणसांना सांगायचं की गाठीला काहीही लावू नका. गड्यांना सांगून उपयोग नाही, जनावरांचं सगळं त्याच बघतात.

आता त्या गाईचं काय? इंग्लंड किंवा न्यूझीलंडमध्ये पुढचा रस्ता ठरलेला असतो: पॉझिटिव्ह जनावर कत्तलखान्यात, मालकाला भरपाई, गोठ्यावर खरेदी-विक्रीची बंदी, ठरावीक अंतराने फेरचाचण्या. आपल्याकडे 1976 च्या प्राणी रक्षण कायद्यातली 1995 ची दुरुस्ती 2015 पासून लागू आहे. गाय, बैल, वळू यांची कत्तल बंद. म्हैस त्यात येत नाही. म्हणजे एकाच दावणीला, एकाच रोगाच्या दोन जनावरांना दोन वेगळे रस्ते. कायदा बरा की वाईट यावर गावात बोलायला मी आलेलो नाही. माझ्या हातात 'वेगळं बांधणे' एवढंच उरतं, तर ते तरी नीट बांधू.

मालकाला सांगितलं: गाय परड्याच्या दुसऱ्या टोकाला, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. तिची बादली, तिची गव्हाण वेगळी. तिची धार सगळ्यात शेवटी. तिचं दूध रतिबाला नाही, आधी घरात उकळायचं. व्याली की वासराला आचळाला लावायचं नाही. दुसऱ्या गाईचं पाजायचं, नाहीतर तापवून कोमट केलेलं. "वासराला तापवलेलं दूध?" म्हणून बापलेक दोघे हसले. हसू देत.

शेवटी त्यांनी विचारलं ते लिहून ठेवतो: "हिला बाजार दाखवला तर चालंल का?" तो माणूस लबाड नाही. दुसरं कुठलंच दार उघडं नसताना कोणीही हेच विचारेल. आणि रोग गावोगाव जातो तो याच वाटेने.

16 नोव्हेंबर 2024

लेखी कळवलं. 2009 च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्यात गाईचा क्षय अनुसूचित आहे, मालकाने कळवणं आणि वेगळं बांधणं दोन्ही बंधनकारक. कानातल्या पिवळ्या टॅगचा बारा अंकी नंबर नोंदीत चढवला. टॅग कापून टाकायला कात्री पुरते, हेही माहीत आहे.

28 नोव्हेंबर 2024

संस्थेच्या हॉलमध्ये सभा. दूध घालायला आलेली माणसं थांबली म्हणून गर्दी चांगली झाली.

भरपाईचा प्रश्न पहिला. "लम्पीला गाईमागं तीस हजार दिलं हुतं की." बरोबर. लम्पीत दुभत्या जनावराला 30 हजार, ओढकामाच्या बैलाला 25 हजार, वासराला 16 हजार अशी मदत होती, पण ती मेलेल्या जनावरासाठी. आमच्या गाईचं दुखणं असं की ती मरत नाही. धडधाकट उभी राहून दूध देते आणि शेजारणीला रोग देते. अशा जनावरासाठी प्रकल्पाकडे पैसा नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. काही जण उठून गेले. त्यांना दोष देणार नाही.

दुसरा प्रश्न माझ्या मते दिवसातला सगळ्यात चांगला. एका पोराने विचारलं, "माणसाला सहा महिन्यांचा कोर्स असतो. मग गाईला का नाही?" देता येतो, आणि काही ठिकाणी गुपचूप दिलाही जातो. पण जंतू अंगातून पुरता जात नाही, दबून बसतो. चाचणी कधी निगेटिव्ह येते आणि मालकाला वाटतं झालं बरं. औषध दुधात उतरतं. जंतू औषधाला सरावला तर तोच पुढे घरातल्या माणसात. वजनाच्या हिशेबाने गोळ्या लागतात त्या माणसाच्या कितीतरी पट, रोज, कित्येक महिने. म्हणून नाही.

तिसरा प्रश्न गव्याचाच. "तिकडं परदेशात जंगली जनावरं मारत्यात म्हणं." मारतात. इंग्लंडात बिज्जूच्या जातीचा बॅजर आहे. 1971 मध्ये ग्लॉस्टरशरमध्ये क्षय झालेला बॅजर सापडला आणि तेव्हापासून तिथला वाद थांबलेला नाही. 1998 ते 2005 त्यांनी मोठा प्रयोग केला. रोग निघाला की आसपासचे बॅजर मारायचे, असा एक भाग होता. तो 2003 मध्येच बंद करावा लागला, कारण त्या भागात गाईंमधला रोग कमी व्हायच्या ऐवजी वाढलेला दिसला. उरलेले बॅजर घाबरून लांब लांब फिरायला लागले, नव्या बिळांत शिरले, रोगही सोबत. न्यूझीलंडमध्ये मात्र पॉसम (मांजराएवढा, झाडावर राहणारा प्राणी) मारून खरंच फायदा झाला. पण पॉसम तिथला नाही, ऑस्ट्रेलियातून आणून सोडलेला, नको असलेला पाहुणा. त्याच्या मागे विमानातून विष टाकायलाही तिथे आडकाठी कमी.

गवा इथला आहे, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि त्याच्यात रोग आहे याचा एकही पुरावा आज माझ्या हातात नाही. हे बोललो तेव्हा मागून कोणीतरी "मग उसाचं काय?" म्हणालं. उसाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

11 डिसेंबर 2024

कारखाने सुरू. ऊसतोड टोळ्या उतरल्या, त्यांचे बैल रस्त्याकडेच्या माळावर. एक गोष्ट आजवर आमच्या कोणाच्याच यादीत नव्हती. हे बैल रोज वेगवेगळ्या गावांच्या सार्वजनिक हौदावर पाणी पितात. हंगाम संपला की काही बैल इथेच विकले जातात आणि त्यांच्या जागी दुसरे घेतले जातात. शंभर-दोनशे किलोमीटरवरून येऊन चार महिने मिसळून परत जाणारी जनावरं आहेत ती. गव्यावर सगळ्यांचं लक्ष, बैलांवर कोणाचंच नाही.

टोळीच्या मुकादमाशी बोललो. चाचणीला त्याची ना नाही, पण तीन दिवसांनी टोळी त्याच फडावर असेल याची खात्री कोण देणार? 72 तासांच्या चाचणीचा हा मोठा अडथळा. गाडीबैल फडाप्रमाणे हलतात. तूर्त एवढंच ठरलं की हौदाच्या शेजारी बैलांसाठी वेगळी टाकी ठेवायची. ग्रामपंचायतीने टाकी दिली, पाण्याची जोडणी बाकी.

20 डिसेंबर 2024

ट्युबरक्युलिनचा पुढचा साठा आला नाही. जिथून यायचा तिथे फोन उचलला तर 'फाईल वर आहे'. आलेला मागचा डबा मधल्या मुक्कामी दिवसभर बाहेर राहिला असावा असा संशय होता, तो वापरला नाही. 2 ते 8 अंशांची साखळी तुटलेल्या औषधाने आलेलं निगेटिव्ह हे निगेटिव्ह नसतं.

24 जानेवारी 2025, शुक्रवार

मंगळवारी टोचलेल्या फेरचाचणीचं वाचन. हळद-चुन्याच्या म्हशीचं उत्तर मिळालं: निगेटिव्ह. आक्का अभिमानाने म्हणाल्या, लेपानेच उतरलं. ठीक आहे.

पॉझिटिव्ह गाईच्या गोठ्यात तिच्या शेजारी पूर्वी बांधलेली एक म्हातारी म्हैस आता पॉझिटिव्ह निघाली. नोव्हेंबरमध्ये तिचा फरक तीन मिमी होता, संशयित म्हणून ठेवली होती. याच घरातल्या, पण कायम बाहेर उघड्यावर बांधलेल्या दोन रेड्या स्वच्छ.

सगळे पॉझिटिव्ह टॅग नंबर आणि मालकांनी सांगितलेला इतिहास समोरासमोर मांडला. जंगलाला अगदी चिकटून असलेल्या धनगरवाड्यांवरच्या म्हशींत एकही पॉझिटिव्ह नाही. त्या म्हशी दिवसभर रानात, गवे जिथे चरतात तिथेच. पॉझिटिव्ह निघालेली जनावरं सगळी खालच्या अंगाची, बंदिस्त गोठ्यातली. त्यातली बहुतेक गेल्या दोन-तीन वर्षांत विकत घेतलेली, नाहीतर विकत घेतलेल्या जनावराच्या शेजारी बांधलेली. कोणी वडगावच्या बाजारातून, कोणी बेपाऱ्याकरवी हरियाणातून. संख्या थोडी, यावर शोधनिबंध निघणार नाही, पण पुढचं काम कुठे करायचं ते यावरून मी ठरवून टाकलं.

गोठे बघितले की कारणही दिसतं. दुधाचा धंदा वाढला तशी जनावरं वाढली, जागा तेवढीच. डास आणि गार वारा नको म्हणून तिन्ही बाजूंनी पत्रे, खिडकी म्हणून वरची वीतभर फट. या रोगाचा मुख्य रस्ता श्वासाचा. तोंडाला तोंड लावून रात्रभर बांधलेली जनावरं आणि कोंदट हवा, एवढं त्याला पुरतं. उन्हात हा जंतू टिकत नाही. ओल, सावली आणि शेण मिळालं तर महिनोन्‌महिने राहतो. एका मालकाला समोरचा पत्रा काढायला सांगितला. त्याने काढला नाही, पण दोन पत्र्यांमध्ये जाळी बसवली. चालेल.

फिनाईलचीही गंमत. गोठा धुतलेला, सुगंध घमघमतोय, सगळे खूष. या जंतूला मेणचट आवरण असतं, पांढऱ्या सुवासिक फिनाईलवर त्याच्यासाठी भरवसा ठेवता येत नाही. जुनं, काळं, डोळ्यांत पाणी आणणारं फिनेल आणा म्हटलं तर दुकानदाराकडे नाही. गारगोटीहून मागवलं.

2 फेब्रुवारी 2025

म्हातारी म्हैस पोट फुगून रात्रीत गेली. क्षयाने नव्हे, पण उघडायची संधी मिळाली. मालकाने परवानगी दिली, उलट स्वतः शेजारी उभा राहिला.

एन-95 मास्क, दोन हातमोजे. फुप्फुसाच्या मुळाशी असलेली लसिकाग्रंथी नेहमीच्या कितीतरी पट मोठी. सुरी घातली तर वाळूत घातल्यासारखी करकर वाजली. आत पिवळट, दह्याच्या खरवडीसारखा घट्ट माल, मध्ये चुनखडीचे कण. फुप्फुसात दोन लहान गाठी. आतड्याच्या ग्रंथी स्वच्छ, म्हणजे रोग श्वासातून आला, चाऱ्या-पाण्यातून नव्हे.

मालकाला सुरी हातात देऊन तो आवाज ऐकवला. सभेतल्या सगळ्या भाषणांपेक्षा त्याचा उपयोग झाला. त्याच संध्याकाळी त्याने पॉझिटिव्ह गाय परड्याच्या टोकाला हलवली. नोव्हेंबरपासून ती जागची हलली नव्हती, हे मला आज कळलं.

नमुने बर्फात, पुण्याला औंधच्या प्रयोगशाळेकडे. सोबत चिठ्ठी: कल्चर लावताना (नमुन्यातला जंतू वाढवून बघताना) पायरुव्हेटचं माध्यमही वापरावं. माणसाच्या क्षयासाठी नेहमीचं ग्लिसरॉलचं माध्यम असतं त्यावर बोव्हिस, म्हणजे गाईच्या क्षयाचा जंतू, नीट वाढत नाही आणि नमुना निगेटिव्ह म्हणून परत येतो.

19 फेब्रुवारी 2025

शिवजयंतीची सुट्टी, पण सकाळीच वनविभागाचा फोन. कठडा नसलेल्या विहिरीत रात्री गवा पडून मेला. जेसीबीने वर काढेपर्यंत दुपार. अर्धा तालुका बघायला.

मोठा नर. चार पायांना पांढरे मोजे, खांद्यावरचा उंचवटा माझ्या छातीला लागत होता. शवविच्छेदन वनअधिकाऱ्यांसमोर, नियमाप्रमाणे. मृत्यूचं कारण उघड होतं, पण मी घशामागच्या, फुप्फुसांच्या मुळाच्या, आतड्याच्या सगळ्या ग्रंथी एकेक करून पातळ कापल्या. कुठेही गाठ नाही. नमुने तरीही घेतले. एका गव्यावरून कळपाचा निकाल देता येत नाही. आता पट्ट्यात मेलेला प्रत्येक गवा, सांबर, भेकर असंच तपासायचं, असं वनविभागाशी लेखी ठरलं. माझ्या मते प्रकल्पातली ही सगळ्यात टिकाऊ गोष्ट ठरेल.

गर्दीतल्या एका मामांनी विचारलं, "सापडला काय रोग?" नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला.

गव्याला रोग होतच नाही असं नाही. 1968 च्या बुळकांडीत (गुरांच्या जीवघेण्या साथीत) बंदीपूर-मुदुमलाईच्या जंगलातले गव्यांचे कळप धुवून निघाले होते, आणि बुळकांडी आली होती गावातल्या जनावरांकडून. क्षयाचं आफ्रिकेत तेच झालं. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानातल्या जंगली म्हशींत तो 1990 मध्ये सापडला. दक्षिणेच्या हद्दीवरच्या पाळीव गुरांकडून आत गेलेला. मग उत्तरेकडे सरकत गेला, आजारी म्हशी खाऊन सिंहांना झाला. एकदा रानात मुरला की काढता येत नाही. म्हणजे गावात विचारतात त्याच्या उलट बाजूने मला काळजी आहे: खालच्या गोठ्यातला रोग वर दाजीपूरला जाऊ नये.

3 मार्च 2025

पाणवठे बघितले. ओढे आटत आलेत. वनविभागाच्या कॅमेऱ्यात गवे रात्री उशिरा, म्हशी दिवसा. प्रत्यक्ष गाठ पडत नाही, पण चिखल एकच.

पाण्यापेक्षा मला मीठ खटकलं. जंगलाच्या कडेला दोन ठिकाणी गुराख्यांनी म्हशींसाठी खडेमिठाचे ढेकूळ दगडावर ठेवलेले. चाटून चाटून मध्ये खळगा, त्यात लाळ साचलेली, भोवती म्हशींचे आणि गव्यांचे खूर एकत्र. अमेरिकेत मिशिगनमध्ये हरणांत क्षय टिकून राहिला त्यामागे शिकाऱ्यांनी टाकलेले खाद्याचे ढीग होते, सगळ्या हरणांची तोंडं एका जागी आणणारे. इथे तेच, लहान मापात.

धनगरवाड्यावर जाऊन बोललो. म्हाताऱ्या बाबांनी दोन मिनिटांत मान्य केलं: मीठ वाड्यावर, दावणीशी. त्यांच्या दृष्टीने फायदाच, मीठ गव्यांच्या पोटात जात होतं. वनविभागाचं क्षारचाटण हद्दीपासून बरंच आत हलवायचं ठरलं.

26 मार्च 2025

पॉझिटिव्ह गोठ्यांच्या घरांतली माणसं तपासायला आरोग्य केंद्राची मदत. आशाताईंनी घरं गाठली. खोकला कोणाला नाही, पण एका घरातल्या शाळकरी मुलीच्या मानेला कानाखाली गाठ, दोन महिन्यांपासून. आजी म्हणाल्या, गंडमाळ आहे, देव केलाय. मुलगी धारेला बसते आणि आजोबांसोबत कपभर धारोष्ण दूध रोज पिते.

गाठीतला नमुना गेला. मशीन 'क्षय आहे' एवढंच सांगतं, कुठल्या जातीचा ते सांगत नाही. म्हणून डॉक्टरांना भेटून गोठ्याची हकीकत दिली, कारण बोव्हिसवर पायराझिनामाइड हे क्षयाच्या चार मुख्य औषधांपैकी एक मुळातच चालत नाही. त्यांनी ऐकून घेतलं, केसपेपरवर लिहिलं. मुलीचा क्षय गाईकडूनच आला असं आज कोणी म्हणू नये, घरोघरी माणसाचा क्षयही आहेच. उलट, खोकणाऱ्या माणसामुळेही गाईची चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते.

दुधाचं एक बरं आहे की आपल्याकडे साय हवी म्हणून तरी दूध उकळलं जातं. चीकही खरवस होताना वाफवला जातो. संस्थेत गेलेलं दूध पाश्चराइझ होतं, 72 अंशांना 15 सेकंद, त्यात हा जंतू मरतो. धोका उरतो तो आचळाखालच्या कपात. आणि कोल्हापूरकरांसमोर हे बोलायची सोय नाही! गंगावेशीत कट्ट्यावर म्हैस उभी करून फेसाळ ग्लास हातात देतात, त्यासाठी लोक लांबून येतात. मी स्वतः त्यावर वाढलोय. कट्टा बंद करा म्हणणारा मी नाही. कट्ट्यावर येणाऱ्या म्हशींची वर्षाकाठी चाचणी व्हावी आणि निकाल कट्ट्यावरच लावावा, असा प्रस्ताव लिहिला आहे. गवळ्यांपैकी दोघे तयार आहेत. त्यांचं म्हणणं, बोर्ड लागला तर गिऱ्हाईक वाढेल.

17 एप्रिल 2025

म्हशीच्या ग्रंथीचा अहवाल: क्षयजंतूंच्या समूहातला जंतू, नक्की जात पुढच्या तपासणीत. गव्याचे नमुने निगेटिव्ह.

जातीचा प्रश्न वरवरचा नाही. आपण सगळे सवयीने बोव्हिस म्हणतो. पण वेल्लोरच्या रुग्णालयातल्या 940 नमुन्यांच्या 2020 साली आलेल्या अभ्यासात बोव्हिस एकही निघाला नाही. सात निघाले ते ओरिजिसचे, त्याच घराण्यातला दुसरा जंतू. दक्षिणेत गाईंत आणि चितळांतही तो सापडला आहे. म्हणजे भारतातला 'गाईचा क्षय' हा पुस्तकातला युरोपी क्षय नसूही शकतो. चाचणी आणि वेगळं बांधणं तेच राहील, पण माणसांत शोधताना फक्त बोव्हिस शोधला तर हाती काही लागणार नाही.

8 मे 2025

नोव्हेंबरची ती गाय व्यायली. कालवड. तापवलेल्या दुधावर वाढते आहे. बाप-लेक आता हसत नाहीत, सून चिडते, कारण भांडी तिला घासावी लागतात.

दुपारी एका गोशाळेत. पॉझिटिव्ह गाई 'तिकडे सोडा' असं सगळेच सुचवतात. बघून आलो. माणसं मनापासून करतात, पण जागा अपुरी, एकच लांब गव्हाण, आणि आलेल्या गाईची कसलीच चाचणी नाही. तिथे पॉझिटिव्ह गाय सोडणं म्हणजे रोगाला वस्तीला जागा देणं. विश्वस्तांना म्हटलं, एक कोपरा कुंपण घालून वेगळा द्या, येणारी गाय आधी तिथे ठेवू. विचार करू म्हणाले.

संध्याकाळी संस्थेच्या सचिवांनी लसीचं विचारलं. बीसीजी मुळात गाईच्याच जंतूपासून केलेली. इथिओपियातल्या प्रयोगात वासरांना ती दिल्यावर कळपातला प्रसार जवळजवळ नव्वद टक्क्यांनी घटला, असं 2024 मध्ये आलं. कत्तल शक्य नसलेल्या आपल्यासारख्या ठिकाणी हा खरा आशेचा रस्ता. अडचण अशी की बीसीजी दिलेलं जनावर आजच्या त्वचेच्या चाचणीत पॉझिटिव्ह दिसू शकतं. लस आणि रोग यांत फरक करणारी नवी चाचणी दवाखान्यापर्यंत येईपर्यंत स्वतःच्या डोक्याने बीसीजी टोचू नका, असं बजावलं. गावात कोणी टोचली असेल तर माझ्या सगळ्या मोजमापांवर पाणी.

29 मे 2025

पावसाने यंदा मेमध्येच गाठलं. धनगरवाड्याची वाट चिखलाने बंद, वरची चाचणी आता दिवाळीनंतरच.

बैलांची टाकी जोडली गेली, तोवर टोळ्या परत गेल्या होत्या. पुढच्या हंगामाला कामाला येईल.

दुपारी एका शेतकऱ्याचा फोन, सभेतून उठून गेलेल्यांपैकीच. हरियाणाची मुऱ्हा म्हैस घेतोय, बेपारी दारात गाडी घेऊन उभा आहे, काय करू? म्हटलं, टॅग नंबर सांग, आणि बेपाऱ्याला विचार की विकण्याआधी टोचलं होतं का. बेपारी म्हणाला, सगळी इंजेक्शनं झाल्यात. चाचणीचा कागद? कागद नाही. सौदा मोडायला तो तयार नव्हता, विसार दिलेला होता. मग ठरलं की म्हैस दावणीला न बांधता जुन्या खळ्यावरच्या छपरात, वेगळी बादली, आणि दूध घरात उकळून. चार दिवसांत पहिली सुई, निगेटिव्ह आली तरी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दुसरी. तोवर निम्मे पैसे बेपाऱ्याचे थांबवून ठेवायचे, ही अट त्या शेतकऱ्याने स्वतःच घातली आणि बेपाऱ्याने कुरकुरत मान्य केली. छापील करारात ही ओळ कशी घालता येईल ते संस्थेच्या वकिलांना विचारायचं आहे.